आयेल्ट्सची कसोटी आणि मराठी वळणाची इंग्रजी

परदेशी विद्यापीठात प्रवेश मागणारा विद्यार्थी, ब्रिटनमधील रुग्णालयात नोकरी धरू पाहणारी परिचारिका आणि कॅनडात कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करणारे कुटुंब या तिघांपुढे एक अट समान असते, ती म्हणजे आपली इंग्रजी कितपत कामाला येते हे एखाद्या मान्यताप्राप्त परीक्षेच्या निकालपत्राने दाखवणे. या कामासाठी ज्या परीक्षा चालतात त्यांत ‘इंटरनॅशनल इंग्लिश लँग्वेज टेस्टिंग सिस्टिम’ ही परीक्षा महाराष्ट्रातील उमेदवारांच्या विशेष परिचयाची आहे. तिच्या आद्याक्षरांचा सलग उच्चार ‘आयेल्ट्स’ असा होतो आणि पुण्या-मुंबईच्या शिकवणी वर्गांत तिचे हेच नाव रूढ आहे. या परीक्षेत कोणी उत्तीर्ण होत नाही आणि कोणी नापासही होत नाही. ० ते ९ या मोजपट्टीवर उमेदवाराला एक श्रेणी मिळते, तिला ‘बँड’ म्हणतात, आणि तो बँड पुरेसा आहे की नाही हे परीक्षा घेणारी संस्था नव्हे, तर प्रवेश किंवा परवाना देणारी संस्था ठरवते. पस्तीस गुणांना पास आणि पंच्याहत्तर टक्क्यांना विशेष प्रावीण्य अशा हिशेबात वाढलेल्या उमेदवाराला ही गोष्ट ऐकून माहीत असते, पण ती त्याच्या अंगवळणी पडलेली नसते; ‘बँड किती आले?’ हा प्रश्न नंतर सगळेच विचारतात, ‘बँड किती हवेत?’ हा प्रश्न मात्र आधी फार थोडे विचारतात, आणि तयारीतली पहिली चूक तिथेच होते.

आयेल्ट्सचे आजचे रूप समजून घेण्यासाठी तिच्या पूर्वजांकडे पाहणे उपयोगी ठरते. परदेशात इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्या परकीयांसाठी केंब्रिज विद्यापीठाने १९१३ मध्ये इंग्रजीच्या प्रावीण्याची एक परीक्षा सुरू केली. ती एकूण बारा तासांची होती, तिच्यात निबंधाबरोबर व्याकरण, ध्वनिशास्त्र आणि फ्रेंच किंवा जर्मन भाषेतून इंग्रजीत व उलट भाषांतर असे विषय होते, आणि पहिल्या वर्षी तिला बसलेल्या तीनही उमेदवारांना अपयश आले. त्या काळी भाषा येणे याचा अर्थ भाषेविषयी ज्ञान असणे असा होता. पुढे ब्रिटनमध्ये शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची संख्या वाढली, तेव्हा व्याकरणात पारंगत असलेला विद्यार्थी व्याख्यान ऐकून टिपणे काढू शकतोच असे नाही हे प्राध्यापकांच्या ध्यानात येऊ लागले. १९७० च्या दशकात भाषाशिक्षणात संप्रेषणाचा, म्हणजे भाषेने प्रत्यक्ष काम साधण्याचा विचार बळावला आणि त्याच विचारातून ब्रिटिश कौन्सिल व केंब्रिज यांनी १९८० मध्ये ‘एल्ट्स’ ही परीक्षा आणली. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांची आयडीपी ही संस्था त्यांना येऊन मिळाली, नावाच्या आरंभी ‘इंटरनॅशनल’ हा शब्द लागला आणि एल्ट्सची आयेल्ट्स झाली. या परीक्षेत आज व्याकरणाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नाही, रिकाम्या जागी योग्य शब्दयोगी अव्यय भरा असा प्रश्न नाही आणि भाषांतर तर नाहीच.

नेमकी हीच बाब महाराष्ट्रातील उमेदवाराला अडचणीची ठरते, कारण आपल्याकडील इंग्रजी अध्यापनाची परंपरा १९८९ पेक्षा १९१३ ला अधिक जवळची आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी माणसाच्या अनेक पिढ्यांना इंग्रजी शिकवली, तिची पद्धत मराठी वाक्य घेऊन त्याचे इंग्रजी करणे ही होती, आणि त्या पद्धतीने कायद्याचे ग्रंथ व वर्तमानपत्रांचे अग्रलेख वाचू शकणारे वाचक घडवले, हे मान्य केलेच पाहिजे. मराठी माध्यमाच्या शाळांत अनेक दशके इंग्रजी पाचवीपासून शिकवली जाई, २००० पासून ती पहिलीपासून आली. तथापि वर्ग बदलला तरी वळण फारसे बदलले नाही. धड्याखालची प्रश्नोत्तरे पाठ करणे, अपेक्षित प्रश्नसंचातला निबंध घोटणे आणि कर्तरी-कर्मणी करणे यांवर बोर्डाच्या परीक्षेत गुण मिळतात, त्यामुळे विद्यार्थ्याला आपली इंग्रजी चांगली असल्याचा विश्वास वाटू लागतो. आयेल्ट्स पाठांतर आणि भाषांतर या दोन्ही सवयींना प्रतिकूल आहे: पाठ केलेले उत्तर परीक्षक ओळखतो, आणि मनातल्या मनात भाषांतर करायला घड्याळ वेळ देत नाही. म्हणून या परीक्षेच्या तयारीत इंग्रजी किती शिकावी लागते यापेक्षा मराठीतून आलेल्या कोणत्या सवयी ओळखून बाजूला ठेवाव्या लागतात, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि तयारीच्या पुस्तकांत तोच सर्वांत दुर्लक्षित राहतो.

परीक्षेचे भाग चार: श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण. उच्च शिक्षणासाठी ‘ॲकॅडमिक’ आणि मुख्यतः स्थलांतरासाठी ‘जनरल ट्रेनिंग’ असे तिचे दोन प्रकार असून श्रवण व संभाषण दोन्हींत सारखेच असतात, वाचन आणि लेखनाचे स्वरूप मात्र बदलते. सगळी परीक्षा पावणेतीन तासांच्या आसपास संपते.

श्रवणात सुमारे तीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण चार भागांत ऐकवले जाते आणि चाळीस प्रश्न सोडवायचे असतात. प्रत्येक भाग एकदाच ऐकायला मिळतो, या नियमात या विभागाचे सारे मर्म आहे, कारण एका हुकलेल्या उत्तराचा विचार करत बसलेल्या उमेदवाराची पुढची दोन उत्तरे तेवढ्या अवधीत निघून जातात. पहिल्या भागात बहुधा घर भाड्याने घेणे, सहलीची नोंदणी करणे अशा व्यवहाराचे संभाषण असते आणि त्यातील नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, रक्कम टिपायची असते. हा भाग सोपा समजला जातो, पण मराठी उमेदवाराने येथे विशेष सावध राहणे आवश्यक आहे. मराठीत एकवीसपासून पुढच्या बहुतेक संख्यांत एकम आधी आणि दशम नंतर येते, अठ्ठेचाळीस म्हणताना आठ आधी उच्चारला जातो, तर इंग्रजीत ‘फॉर्टी-एट’ म्हणताना चाळीस आधी येतात. त्यामुळे ऐकलेली संख्या मनात मराठीत नेऊन मग लिहिणाऱ्याच्या हातून अठ्ठेचाळीसचे चौऱ्याऐंशी होणे अशक्य नसते. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांतला फरक इंग्रज कानाला शेवटच्या व्यंजनापेक्षा आघात कोणत्या अवयवावर आहे यावरून कळतो, आणि मराठीत शब्दाचा अर्थ आघाताने बदलत नसल्याने तो फरक ऐकण्याची सवय मराठी कानाला मुद्दाम लावावी लागते. शून्याला ‘ओ’ म्हणणे, लागोपाठच्या दोन पाचांना ‘डबल फाइव्ह’ म्हणणे या रीती तशा परिचयाच्या आहेत. स्पेलिंग चुकले तर उत्तर चुकते, ‘दोन शब्दांहून अधिक नको’ अशी सूचना असताना तीन शब्द लिहिले तरी गुण जातो, मात्र चुकीच्या उत्तराला वजा गुण नसल्याने एकही जागा रिकामी सोडण्याचे कारण नाही.

वाचनाला साठ मिनिटे आणि प्रश्न पुन्हा चाळीसच. ॲकॅडमिक प्रकारात तीन उतारे मिळून साधारण २,१५० ते २,७५० शब्द असतात. विषय पुरातत्त्वाचा असो की मधमाश्यांचा, त्या विषयाचे पूर्वज्ञान अपेक्षित नसते. शाळेतल्या उताऱ्याची सवय अशी की तो पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचायचा, कठीण शब्दांखाली रेघा मारायच्या आणि मग प्रश्नांकडे वळायचे. येथे तेवढी सवड नसते. आधी उताऱ्यावरून झरझर नजर फिरवून कोणता परिच्छेद कशाविषयी आहे एवढेच समजून घेणे आणि नंतर प्रश्नातला तपशील नेमका कोठे आहे ते हुडकणे, अशा दोन वेगवेगळ्या वाचनरीती लागतात. प्रश्नातले शब्द उताऱ्यात जसेच्या तसे क्वचितच सापडतात. उताऱ्यात ‘पर्जन्याचे प्रमाण घटले’ असेल, तर प्रश्नात ‘पाऊस कमी झाला’ असे असते, आणि एकच आशय दोन रूपांत ओळखणे हीच खरी परीक्षा असते.

या विभागातला सर्वाधिक गोंधळाचा प्रश्नप्रकार म्हणजे विधान खरे, खोटे की ‘उल्लेख नाही’ हे ठरवणे. समजा, उताऱ्यात असे लिहिले आहे की १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी रेल्वेगाडी निघाली. ‘पहिली गाडी ठाण्याहून सुटली’ हे विधान खोटे, कारण उतारा त्याच्या विरुद्ध सांगतो. ‘त्या गाडीत सुमारे चारशे प्रवासी होते’ हे विधान मात्र खरे नाही आणि खोटेही नाही, ते ‘उल्लेख नाही’ या सदरात जाते, कारण प्रवाशांच्या संख्येबद्दल उतारा काहीच बोलत नाही. आता गंमत अशी की ज्या उमेदवाराला शाळेत शिकलेला मुंबईचा इतिहास पाठ आहे, तो ही संख्या वाचून ठामपणे ‘खरे’ लिहून मोकळा होतो आणि गुण गमावतो, तर ज्याला काहीच ठाऊक नाही तो वाचतो. परीक्षा वाचनाची आहे, सामान्यज्ञानाची नाही, हे ज्ञानी माणसाला पटायला जरा वेळच लागतो.

लेखनात मराठी उमेदवाराची खरी दमछाक होते. साठ मिनिटांत दोन कामे असतात: पहिले किमान १५० शब्दांचे, त्यात ॲकॅडमिक प्रकारात एखादा आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रियेची आकृती यांचे वर्णन करायचे असते आणि जनरल ट्रेनिंगमध्ये पत्र लिहायचे असते, दुसरे किमान २५० शब्दांचे, त्यात एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर मत मांडायचे असते. दुसऱ्या कामाला पहिल्याच्या दुप्पट भार असल्याने चाळीस मिनिटे त्याच्यासाठी राखणे शहाणपणाचे ठरते. गुण चार निकषांवर समान भाराने दिले जातात: विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले का, मांडणी सुसंगत आणि परस्परांशी जोडलेली आहे का, शब्दसंपत्ती पुरेशी व अचूक आहे का, आणि वाक्यरचनांत विविधता व शुद्धता आहे का. या चारांपैकी व्याकरण हा केवळ एका निकषाचा अर्धा हिस्सा आहे. व्याकरणाच्या चुकांना सर्वाधिक भिणारा आणि बाकी साऱ्याकडे पाठ फिरवणारा उमेदवार एका चतुर्थांशासाठी तीन चतुर्थांश सोडून देतो.

आलेखाचे वर्णन करताना आपल्याकडील विद्यार्थी आकड्यांमागची कारणे सांगू लागतो. दुचाकींची विक्री वाढली हे दाखवणारा आलेख समोर आला की पेट्रोलचे भाव, लोकांचे उत्पन्न आणि सरकारी धोरण यांवर चार वाक्ये लिहितो, आणि ती चारही वाया जातात, कारण आलेखात जे दिसते तेवढेच सांगायचे असते. त्यातही प्रत्येक आकडा उतरवून काढणे अपेक्षित नसून एकूण चित्र काय, कोणती रेषा चढली, कोणती उतरली, ठळक फरक कोठे आहे, याचा गोषवारा एखाद-दोन वाक्यांत स्पष्टपणे येणे अत्यावश्यक मानले जाते. मताच्या निबंधात अडचण वेगळी आहे. मराठी शालेय निबंध सुभाषिताने किंवा म्हणीने सुरू होतो, मध्ये कल्पनाविलास करतो, दोन्ही बाजूंना मान देतो आणि शेवटी विद्यार्थ्याने अमुक करावे असा उपदेश करून संपतो. त्या लेखनप्रकाराला त्याची अशी शोभा आहे, परंतु येथे प्रश्नकर्त्याला लेखकाची भूमिका पहिल्याच परिच्छेदात कळलेली हवी असते, त्यानंतरच्या प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा, त्याचे स्पष्टीकरण आणि त्याला आधार देणारे उदाहरण हवे असते, आणि शेवट भूमिकेशी जुळणारा हवा असतो. मध्यममार्ग घेणे मना नाही, पण तो का घेतला हे सांगावे लागते. काही वर्गांतून ‘या आधुनिक युगात’ अशा अर्थाच्या वाक्याने सुरू होणारे साचे पाठ करून घेतले जातात, आणि प्रश्न वाहतुकीचा असो वा वृद्धाश्रमाचा, उमेदवार तोच साचा कागदावर ओततो. असे निबंध वर्षभर तपासणाऱ्या माणसाला साचा ओळखायला पहिले वाक्य पुरते, आणि पाठ केलेला मजकूर गुणांसाठी धरला जात नाही, त्यामुळे मेहनत करूनही बँड जागचा हलत नाही.

वाक्यरचनेत मराठीचे ठसे ठिकठिकाणी उमटतात आणि ते ओळखणे अवघड नसते, कारण ते अपघाताने नव्हे तर नियमाने उमटतात. मराठीत ‘मी दोन वर्षांपासून पुण्यात राहतो’ हे वर्तमानकाळातले वाक्य निर्दोष आहे, म्हणून उमेदवार ‘आय लिव्ह इन पुणे सिन्स टू इयर्स’ असे लिहितो. इंग्रजीला तेथे ‘आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर टू इयर्स’ अशी पूर्ण वर्तमानकाळाची रचना लागते. मराठीत चर्चा विषया‘वर’ किंवा विषया‘बद्दल’ होते, म्हणून ‘डिस्कस’ या क्रियापदापुढे ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’ येऊन बसते, वास्तविक त्या क्रियापदाला थेट कर्म लागते. लग्न कोणा‘शी’ होते, म्हणून ‘मॅरीड’पुढे ‘टू’च्या जागी ‘विथ’ येते. ‘जो विद्यार्थी अभ्यास करतो, तो यशस्वी होतो’ या जोडरचनेतला ‘तो’ इंग्रजीतही उतरतो आणि वाक्यात एक जास्तीचा ‘ही’ शिरतो. ‘मी इथेच राहतो’ मधला ‘च’ तर इतका प्रिय आहे की तो ‘आय स्टे हिअर ओन्ली’ असे रूप घेऊन वाक्याच्या शेवटी हजर होतो. सर्वांत चिवट अडचण ‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’ या उपपदांची आहे, कारण मराठीत उपपद हा प्रकारच नाही; प्रगत उमेदवारांच्या लेखनातही या चुका शेवटपर्यंत टिकतात. अशा वेळी व्याकरणाचे जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचण्यापेक्षा स्वतःच्या आठ-दहा निबंधांतल्या चुका वहीत मांडून त्यांतली प्रत्येक चूक मराठीच्या कोणत्या रचनेतून आली हे शोधणे अधिक फलदायी ठरते. मराठी व्याकरणाचा शाळेत कंटाळा केलेल्या माणसाला ते असे अनपेक्षित वाटेने पुन्हा भेटते.

संभाषणाची चाचणी अकरा ते चौदा मिनिटांची असते, ती प्रत्यक्ष परीक्षकासमोर किंवा दृक्‌श्राव्य माध्यमातून पण जिवंत माणसाशीच होते आणि तिचे ध्वनिमुद्रण केले जाते. आरंभी घर, काम, आवडीनिवडी यांवर साधे प्रश्न येतात. मग एका कार्डावर विषय देऊन एक मिनिट विचाराला मिळते आणि एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे असते. शेवटी त्याच विषयाच्या अंगाने थोडी अमूर्त चर्चा होते. दोन मिनिटे पूर्ण होताच परीक्षक मध्येच थांबवतो, आणि पुष्कळ उमेदवार तो नाराजीचा संकेत समजून पुढच्या भागात खचतात. प्रत्यक्षात तो वेळेच्या बंधनाने थांबवत असतो. परीक्षकाला उमेदवाराचे मत पटले की नाही याला महत्त्व नाही, उमेदवाराने सांगितलेला प्रसंग खरा होता की रचलेला याचीही चौकशी होत नाही. ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार हे येथील चार निकष. उच्चारात अपेक्षा सुबोधतेची आहे, विशिष्ट हेलाची नाही. म्हणून चित्रपट पाहून उचललेला अमेरिकी हेल घसा ताणून काढणे निरर्थक असते आणि मराठी हेलाने बोलणे हा दोष धरला जात नाही.

तरीही कोणते उच्चार गैरसमज निर्माण करतात हे माहीत असलेले बरे. मराठीत एकच ‘व’ असल्याने ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम आणि ‘वेस्ट’ म्हणजे बंडी हे इंग्रजीतले दोन वेगळे शब्द मराठी तोंडी एकच होतात. पहिल्याला ओठांचा चंबू लागतो, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर टेकावे लागतात. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ लेखनात कडक असले तरी बोलण्यात ढिले असते, त्यामुळे ‘शिप’ आणि ‘शीप’, जहाज आणि मेंढी, यांचा घोळ होतो. उलट एका बाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे: इंग्रजी शब्दांसाठी मराठी लिपीने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हे केव्हाच सामावून घेतली असल्याने ‘बॅट’ आणि ‘बेट’, ‘हॉल’ आणि ‘हाल’ यांतला फरक त्याला लहानपणापासून अवगत असतो. आघाताचा सराव मात्र सर्वांनाच करावा लागतो. ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्या, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्या आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्या अवयवावर येणारा जोर सपाट केला, तर प्रत्येक ध्वनी अचूक उच्चारूनही ऐकणारा क्षणभर अडखळतो. ‘ॲक्च्युअली’ आणि ‘बेसिकली’ यांची पेरणी म्हणजे ओघ, हा समज तर समूळ सोडावा.

निकालाच्या गणिताकडे आता वळता येईल. चारही विभागांचे बँड वेगवेगळे मिळतात आणि त्यांची सरासरी जवळच्या अर्ध्या बँडपर्यंत नेऊन एकूण बँड काढला जातो. चार विभागांची बेरीज २४.५ झाली तर सरासरी ६.१२५ येते आणि एकूण बँड ६ राहतो. बेरीज २५ झाली तर सरासरी ६.२५ होते आणि तीच वर ढकलून ६.५ दिली जाते. म्हणजे एका विभागातल्या अर्ध्या बँडने एकूण निकाल अर्ध्या बँडने हलू शकतो. श्रवणात चाळीसपैकी साधारण २३ उत्तरांना ६, ३० ना ७ आणि ३५ ना ८ असा बँड मिळतो. ॲकॅडमिक वाचनातही प्रमाण जवळपास हेच, पण जनरल ट्रेनिंगच्या वाचनात उतारे सोपे असल्याने त्याच ३० उत्तरांना केवळ ६ मिळतात. अनेक संस्था एकूण बँडबरोबर प्रत्येक विभागाची किमान मर्यादाही घालतात. ब्रिटनची परिचारिका नोंदणी परिषद श्रवण, वाचन व संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ मागते, कॅनडाच्या स्थलांतर पद्धतीत ज्या भाषिक पातळीला भरघोस गुण मिळतात, तिथे इतर तीन विभागांत ७ पुरतात पण श्रवणात ८ लागतात. त्यामुळे कोणत्या विभागाला किती वेळ द्यायचा याचे उत्तर उमेदवाराच्या आवडीत नसून मागणाऱ्या संस्थेच्या नियमावलीत असते.

तयारीला किती काळ लागतो, या प्रश्नावर जाहिराती आणि भाषाशास्त्र यांचे एकमत नाही. युरोपीय परिषदेने २००१ मध्ये मांडलेल्या चौकटीत भाषेच्या सहा पातळ्या आहेत. त्यांतल्या ‘बी दोन’ या पातळीशी साधारण ५.५ ते ६.५ बँड जुळतात आणि ‘सी एक’शी ७ ते ८. एका पातळीवरून पुढच्या पातळीवर जाण्यासाठी मार्गदर्शनाखालील सुमारे दोनशे तासांचा अभ्यास लागतो, असा केंब्रिजचा अंदाज आहे. रोज दोन तास धरले तरी हे तीन महिन्यांहून अधिक झाले. पंधरा दिवसांच्या वर्गात परीक्षेची रचना कळते, वेळेचे भान येते, आणि ज्याची इंग्रजी आधीच पक्की आहे त्याला तेवढ्याने अर्ध्या बँडचा लाभ होऊ शकतो. परंतु पाचावर असलेल्या उमेदवाराला पंधरा दिवसांत सातावर नेण्याचे आश्वासन कोणी दिले, तर तो भाषा सोडून दुसरेच काही विकतो आहे असे समजण्यास हरकत नाही. परीक्षेचा अध्यापनावर जो उलट परिणाम होतो त्याचा भाषाचाचणीच्या अभ्यासात स्वतंत्र विचार होतो; मराठीत त्याला प्रतिप्रभाव म्हणता येईल. परीक्षा चांगली असेल तर शिकवणे सुधारते, आणि शिकवणे केवळ युक्त्यांपुरते उरले तर चांगली परीक्षाही निरुपयोगी होते. आपल्याकडील वर्गांत दोन्ही प्रकार दिसतात.

प्रत्यक्ष तयारीत साधनांची वाण नाही. जुन्या प्रश्नपत्रिकांचे केंब्रिजने काढलेले क्रमवार संच हे सरावासाठी सर्वांत विश्वसनीय मानले जातात, पण ते वेळ लावून आणि एका बैठकीत सोडवले तरच उपयोगी पडतात. चहा पीत, शब्दकोश उघडून सोडवलेली प्रश्नपत्रिका हे वाचन झाले, सराव नव्हे. शब्दसंग्रहासाठी न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेली ५७० शब्दकुलांची सूची अभ्यासग्रंथांत वारंवार येणारे शब्द एकत्र देते. मात्र शब्द सुटा पाठ करण्याऐवजी तो कोणत्या शब्दांच्या संगतीत येतो ते पाहणे आवश्यक असते, कारण निर्णय ‘घेतला’ जातो हे मराठीचे आणि तो ‘केला’ जातो हे इंग्रजीचे, आणि ही संगत कोणत्याही नियमाने सिद्ध होत नाही. लेखन दुसऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय सुधारत नाही, कारण स्वतःच्या वाक्यातले मराठी वळण स्वतःला सर्वांत शेवटी दिसते. बोलण्यासाठी साथीदार नसेल तर एका विषयावर दोन मिनिटे बोलून ते मोबाइलवर मुद्रित करणे आणि दुसऱ्या दिवशी ऐकणे हा बिनखर्चाचा उपाय आहे, आणि तो बहुतेकांना लाजिरवाणा वाटतो म्हणूनच परिणामकारक आहे. परीक्षा आता मोठ्या प्रमाणावर संगणकावर होत असल्याने इंग्रजी टंकलेखनाचा वेग हाही तयारीचा भाग झाला आहे. चाळीस मिनिटांत २५० शब्द सुचणे आणि ते कळफलकावर उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आयेल्ट्स हा एकमेव मार्ग नाही. अमेरिकेतील विद्यापीठांसाठी १९६४ पासून चालत आलेली टोफेल आहे, जिचे गुणांकन मुख्यतः यंत्राकडून होते ती पीटीई आहे, आणि डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते अशा बारा आरोग्य-व्यवसायांसाठी ऑस्ट्रेलियात घडवलेली ओईटी आहे, जिच्यात पत्र लिहायचे तेही बहुधा एखाद्या रुग्णाला पुढच्या उपचारासाठी पाठवण्याचे असते. रुग्णालयात काम केलेल्या परिचारिकेला जागतिक तापमानवाढीवर मत देण्यापेक्षा हे काम जवळचे वाटू शकते. कोणती परीक्षा द्यावी हे ठरवताना शुल्काचाही विचार करावा लागतो, कारण आयेल्ट्सचे एका वेळचे शुल्क भारतात पंधरा हजार रुपयांहून अधिक आहे. एकाच विभागात थोडक्यात कमी पडलेल्या उमेदवाराला तेवढ्याच विभागाची परीक्षा साठ दिवसांच्या आत पुन्हा देण्याची सोय २०२३ पासून झाली आहे, परंतु असा निकाल प्रत्येक संस्था स्वीकारतेच असे नाही, म्हणून आधी विचारणा करणे इष्ट. आणि शुल्क भरण्यापूर्वी प्रवेशाच्या व व्हिसाच्या तारखा समोर ठेवून परीक्षेचा महिना निवडावा, कारण आयेल्ट्सचा निकाल साधारणपणे दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो. त्यानंतर आठ बँड मिळवलेल्या उमेदवारालाही, तो दरम्यान कितीही इंग्रजी बोललेला असो, पुन्हा पहिल्या प्रश्नापासून परीक्षा द्यावी लागते.